मूत्राशयाचा कर्करोग : निदर्शक चाचण्यांचा जमाखर्च

इ.स. १८४५ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडनमधील हेन्री बेन्स जोन्स या वैद्यकीय रसायनतज्ज्ञाकडे एक काचेची नळी आली. तिच्यात एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या मूत्राचा नमुना होता. विल्यम मॅकिन्टायर आणि थॉमस वॉटसन हे दोन वैद्य त्या व्यापाऱ्यावर उपचार करीत होते. त्यांना त्या मूत्रात काहीतरी विपरीत आढळले होते. तापवले की ते गढूळ होई, उकळी येताच निवळे आणि थंड होताच पुन्हा गढूळ होई. बेन्स जोन्स यांनी त्यातील अपरिचित प्रथिनाचा शोध घेतला. तो व्यापारी १८४६ च्या जानेवारीत निवर्तला आणि त्याच्या अस्थिमज्जेत कर्करोग असल्याचे कालांतराने स्पष्ट झाले. शरीरातील कर्करोगाची खूण प्रयोगशाळेत द्रवरूपाने ओळखता येते, याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

या गोष्टीला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. अशा खुणांना आज आपण ‘मार्कर’ किंवा ‘निदर्शक’ म्हणतो. प्रयोगशाळांच्या तपासणी-पॅकेजांत ‘कॅन्सर मार्कर’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. वाढदिवसाला, लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी किंवा नव्या वर्षाच्या आरंभी मुले आईवडिलांना अशी पॅकेजे भेट देतात. आपल्या संघांच्या व मंडळांच्या आरोग्य शिबिरांतही या चाचण्या ठेवाव्यात, अशी सूचना आता होऊ लागली आहे. त्यातूनच दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. मूत्राशयाचा कर्करोग रक्ताच्या वा लघवीच्या तपासणीत आधीच कळतो का? आणि कळत असेल, तर सर्वांनीच ती तपासणी का करून घेऊ नये? या अंकात या दोन प्रश्नांचा विचार करू.

मूळ लक्षण कोणते?

चाचण्यांकडे वळण्यापूर्वी रोगाची ओळख करून घेणे इष्ट. जगभरात २०२२ या एका वर्षात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले असा अंदाज आहे. यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असतात. मूत्राशयाच्या आतील अस्तरात बहुधा हा रोग उद्भवतो. निदानाच्या वेळी दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांत तो अस्तरापुरता किंवा त्याच्या लगतच्या थरापुरताच मर्यादित असतो, मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढता येते आणि मूत्राशय शाबूत राहते. रोग स्नायूत शिरला की पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढण्याची पाळी येते. या दोन अवस्थांमधील अंतर म्हणजेच वेळीच झालेल्या निदानाचे मोल होय.

या रोगाचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे लघवीतून वेदनेविना जाणारे रक्त. ‘वेदनेविना’ हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण दुखत नाही म्हणूनच माणूस थांबतो. शिवाय हे रक्त रोज जात नाही. एखाद्या दिवशी लघवी लालसर होते, दुसऱ्या दिवशी स्वच्छ होते आणि मग महिना दोन महिने काहीच दिसत नाही. उन्हाळ्याची उष्णता, प्रवासातील दगदग किंवा नुकताच सोडलेला उपवास यांच्या माथी दोष मारून माणूस निश्चिंत होतो. उपवासात पाणी कमी पोटात गेल्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी छटेची होते हे खरे. परंतु तांबडा किंवा गुलाबी रंग हा निराळा विषय आहे. बीट खाल्ल्याने लघवी लाल होते असा खुलासा पुष्कळ जण करतात. ज्यांच्या घरी कंदमुळे वर्ज्य आहेत, त्यांना तर तो खुलासाही लागू पडत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी-लाल होते, हेही जाणून असावे. शंका असेल तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालील लघवीची साधी तपासणी निर्णय देते. मोठ्या भिंगाखालील एका दृश्यक्षेत्रात ३ किंवा अधिक तांबड्या पेशी आढळल्या, तर लघवीत रक्त आहे असे धरतात.

डोळ्यांना दिसणारे रक्त घेऊन आलेल्या रुग्णांत साधारणपणे दहातील एकाला किंवा त्याहून अधिकांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळतो. उरलेल्यांत मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची वाढ अशी अन्य कारणे सापडतात. म्हणजे भयभीत होण्याचे कारण नाही, परंतु दुर्लक्षाला मुळीच वाव नाही.

रंगाच्या कारखान्यापासून सिगारेटपर्यंत

व्यापारी कुटुंबांना या रोगाच्या इतिहासातील एक प्रकरण विशेष परिचयाचे वाटेल. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन नावाचा तांबडा-जांभळा रंग बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे जाहीर केले. कापड रंगविण्याच्या उद्योगाला बरकत देणाऱ्या त्या रसायनांत सुगंधी अमाइन वर्गातील द्रव्ये होती. ती श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात शिरतात, यकृतातून जातात आणि अखेर मूत्राबरोबर मूत्राशयात येऊन साठतात. अस्तराचा त्यांच्याशी तासन्‌तास संपर्क घडतो. बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध नावे. पुढे अनेक देशांनी अशा द्रव्यांवर निर्बंध घातले.

याच वर्गातील द्रव्ये तंबाखूच्या धुरातही असतात. म्हणूनच मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान हे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानुसार तेथील सुमारे निम्म्या रुग्णांच्या रोगाचे मूळ धूम्रपानात आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण स्त्री-पुरुष दोघांतही जवळजवळ सारखेच आढळले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. रंगीत कापड विकणाऱ्या दुकानदाराला हा धोका नाही. रसायने हाताळणाऱ्या, रंग तयार करणाऱ्या, रबर उद्योगात काम केलेल्या किंवा दीर्घकाळ रंगकाम केलेल्या माणसाला तो आहे. संपर्क आणि रोग यांच्यामध्ये पंधरा-वीस वर्षांचे, कधी त्याहूनही मोठे अंतर असते. म्हणून तरुणपणी रंगाच्या कारखान्यात देखरेख केलेल्या आणि आता पेढीवर बसणाऱ्या गृहस्थांनी ती माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी. सिगारेट दहा वर्षांपूर्वी सोडली असेल, तरी तीही सांगावी.

लघवीतील साक्षीदार

मूत्राशयाचे अस्तर सतत मूत्राच्या सान्निध्यात असते. तेथील गाठीच्या पेशी, प्रथिने आणि जनुकांचे तुकडे थेट मूत्रात सुटतात. या रोगाची खूण रक्तापेक्षा लघवीत आधी आणि अधिक का सापडते, याचे हेच कारण आहे.

सर्वांत जुनी परीक्षा पेशींची. जॉर्ज पापानिकोलाउ यांचे नाव स्त्रियांच्या ‘पॅप’ तपासणीमुळे सर्वज्ञात आहे. त्यांनी व्हिक्टर मार्शल यांच्यासमवेत १९४५ मध्ये लघवीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. तिला सायटोलॉजी म्हणतात. आक्रमक स्वरूपाच्या कर्करोगाच्या पेशी ती बऱ्यापैकी पकडते आणि ती ‘आहे’ म्हणते तेव्हा बहुधा रोग असतोच. परंतु मंद वाढणाऱ्या गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे अशा गाठी तिच्या नजरेतून निसटतात.

त्यानंतर प्रथिनांच्या चाचण्या आल्या. ‘एनएमपी-२२’ या नावाच्या प्रथिनाची चाचणी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. पेशी नष्ट होताना तिच्या केंद्रकातील हे प्रथिन मूत्रात येते. कर्करोगात ते वाढते, परंतु मुतखडा आणि जंतुसंसर्ग यांतही पेशी नष्ट होतात, म्हणून तेथेही ते वाढलेले सापडते. ‘बीटीए’ नावाच्या दुसऱ्या चाचणीत एक मोठी अडचण आहे. ती ज्या प्रथिनाचा शोध घेते, त्याच्या जवळचे प्रथिन रक्तातही असते. परिणामी लघवीत कोणत्याही कारणाने रक्त आले, तरी ती चाचणी होकार देऊ शकते. ज्या लक्षणासाठी चाचणी करावयाची, तेच लक्षण तिची फसगत करते.

तिसरी पिढी गुणसूत्रांची आणि जनुकांची. ‘फिश’ या चाचणीत लघवीतील पेशींमधील ३, ७ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या जादा प्रती, तसेच ९ व्या गुणसूत्राचा ठरावीक भाग गहाळ आहे का, हे चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या साहाय्याने पाहतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे विकसित झालेली ‘सीएक्सब्लॅडर’ ही चाचणी लघवीतील पाच जनुकांच्या संदेशरेणूंचे मोजमाप करते. अलीकडे ‘टर्ट’ या जनुकातील बदलांकडे संशोधकांचे विशेष लक्ष आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे पन्नास हजार लोकांवर दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यातील ज्या व्यक्तींना पुढे मूत्राशयाचा कर्करोग झाला, त्यांच्या आधीच जतन केलेल्या लघवीच्या नमुन्यांत हे बदल शोधण्यात आले. जवळजवळ निम्म्या व्यक्तींत ते सापडले आणि काहींत तर निदानाच्या दहा वर्षे आधी! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आशादायक आहे. मात्र अभ्यासलेल्या रुग्णांची संख्या लहान होती आणि निम्मे रुग्ण त्या चाचणीतूनही निसटलेच, हे विसरता कामा नये.

रक्ताचे काय?

लक्षणे नसलेल्या माणसात मूत्राशयाचा कर्करोग ओळखण्यासाठी विश्वासार्ह म्हणून स्वीकारलेली अशी एकही रक्तचाचणी आज नित्याच्या वैद्यकीय व्यवहारात नाही. पॅकेजमध्ये येणारे सीईए, सीए १९-९, सीए-१२५, एएफपी हे निदर्शक अन्य अवयवांच्या विकारांशी निगडित आहेत, तर पीएसए हा प्रोस्टेटचा आहे. हे सारे अहवाल निर्दोष आले, म्हणून मूत्राशय निर्दोष ठरत नाही. ‘सगळे कॅन्सर मार्कर नॉर्मल आले’ या समाधानात लघवीतील रक्ताकडे दुर्लक्ष होणे, ही या पॅकेजांची सर्वांत महाग पडणारी बाजू आहे.

रक्तचाचणीला या रोगात जागा आहे, परंतु ती पुढच्या टप्प्यावर. रोग स्नायूपर्यंत गेल्यामुळे मूत्राशय काढावे लागले, की शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे अंश उरले आहेत का, हे पाहता येते. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ५८१ रुग्णांचे असे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २१४ जणांच्या, म्हणजे ३७ टक्क्यांच्या रक्तात हे अंश सापडले. रोग उलटण्याचा धोका त्यांनाच अधिक होता आणि प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाचा लाभही त्यांच्यातच दिसला. तेव्हा रक्तातील हा निदर्शक निदान झालेल्या रुग्णाच्या उपचाराची दिशा ठरविण्यास उपयोगी पडू लागला आहे. निरोगी माणसाच्या वार्षिक तपासणीशी त्याचा संबंध नाही.

आकड्यांचा ताळेबंद

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. चाचणी चांगली आहे की वाईट, एवढे विचारून भागत नाही. ती कोणावर केली, हे विचारावे लागते. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. खोटी नाणी ओळखणारा एकच मुनीम, खोट्या नाण्यांनी भरलेल्या थैलीवर बसवला तर उपयोगी ठरतो आणि जवळजवळ सर्व नाणी खरी असलेल्या थैलीवर बसवला, तर खऱ्या नाण्यांनाच अधिक वेळा खोटे ठरवितो.

एनएमपी-२२ चाचणीचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतील दहा राज्यांत झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३३१ व्यक्ती होत्या. सर्वांना लघवीतील रक्तासारखे लक्षण किंवा रोगाची जोखीम होती. त्यांपैकी ७९ जणांना कर्करोग निघाला. चाचणीने त्यांतील ४४ ओळखले, ३५ निसटले. कर्करोग नसलेल्यांपैकी ८५.७ टक्के लोकांना तिने योग्य रीतीने ‘नाही’ म्हटले, म्हणजे १४.३ टक्के लोकांना चुकीने ‘आहे’ म्हटले. कर्करोग नसलेले १,२५२ धरले, तर हा आकडा सुमारे १७९ होतो. आता जमा बाजू पाहा. होकार मिळाला सुमारे २२३ जणांना, त्यांत खरे रुग्ण ४४. म्हणजे पाच होकारांत एक खरा. खर्चाची बाजू पाहा. नकार मिळाला सुमारे १,१०८ जणांना, त्यांत रुग्ण ३५. म्हणजे ‘नाही’ असा कागद घेऊन घरी गेलेल्या दर ३२ जणांत एकाच्या मूत्राशयात कर्करोग होता.

त्याच अभ्यासात सायटोलॉजीने ७६ रुग्णांपैकी केवळ १२ ओळखले. परंतु निरोगी माणसाला चुकीचा होकार देण्याचे तिचे प्रमाण हजारात आठ एवढेच होते. एक चाचणी अधिक पकडते आणि अधिक चुकते. दुसरी कमी पकडते, पण बोलते तेव्हा बहुधा खरे बोलते.

लक्षणे असलेल्या लोकांत ही स्थिती. आता हीच चाचणी शिबिरात आलेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या १०,००० लोकांवर केली, असे समजू. हिशेबापुरते त्यांत १० जणांना रोग आहे असे धरू. पूर्वीच्याच प्रमाणाने १० पैकी पाच-सहा सापडतील. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी मात्र सुमारे १,४२९ जणांना ‘आहे’ असा अहवाल मिळेल. पाच-सहा खऱ्यांसाठी चौदाशेहून अधिक कुटुंबांची झोप उडेल आणि त्यांतील प्रत्येकाला दुर्बीण तपासणी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि त्यांचा खर्च यांतून जावे लागेल. तरीही चार-पाच खरे रुग्ण निश्चिंत मनाने घरी जातील.

याच कारणास्तव अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०११ मध्ये निर्णय दिला की, लक्षणे नसलेल्या प्रौढांची मूत्राशयाच्या कर्करोगासाठी सरसकट तपासणी करावी असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही.

दुर्बिणीची जागा

निदानाचा मुख्य आधार आजही दुर्बीण तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी हाच आहे. जर्मन वैद्य मॅक्सिमिलियन निट्झे यांनी १८७७ मध्ये ड्रेस्डेन येथे पहिल्यांदा असे उपकरण दाखविले. आजची लवचिक दुर्बीण जागा बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत मूत्राशयाचे दर्शन घडविते. संकोच आणि भीती यांमुळे, विशेषतः ज्येष्ठांना, ती नकोशी वाटते आणि ‘त्याऐवजी लघवीचा मार्कर करू’ असा पर्याय आकर्षक वाटतो. हा मोह समजण्यासारखा आहे, परंतु डोळ्यांना दिसणारे रक्त गेले असेल, तर तो पर्याय नव्हे.

दुर्बीणही सर्वज्ञ नाही. वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासात पहिल्या दुर्बीण तपासणीत न दिसलेले चार कर्करोग एनएमपी-२२ ने दाखविले आणि त्यांतील तीन स्नायूपर्यंत पोचलेले होते. म्हणून निदर्शकांना निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. ते दुर्बिणीच्या सोबतीने बसणारे साक्षीदार आहेत. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेने २०२५ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत याच दिशेने बदल केला. ज्यांच्या लघवीत केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रक्त आहे आणि ज्यांची जोखीम मध्यम आहे, अशांच्या बाबतीत दुर्बीण आवश्यक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी डॉक्टर लघवीतील निदर्शकाचा आधार घेऊ शकतात. मूत्रपिंडाची सोनोग्राफी मात्र त्यांनाही सांगितली आहे. जोखीम अधिक असलेल्यांना, आणि डोळ्यांना दिसणारे रक्त गेलेले सर्व जण त्यात येतात, दुर्बीण तपासणीच सांगितली आहे.

निदर्शकांची दुसरी जागा रोग होऊन गेलेल्यांच्या देखरेखीत आहे. हा रोग पुनःपुन्हा उगवतो. गाठ काढल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी पहिली दुर्बीण आणि पुढे जोखमीनुसार वर्षानुवर्षे ठरावीक अंतराने दुर्बीण करावी लागते. त्या काळात सायटोलॉजी किंवा फिश चाचणी आक्रमक रोगाची चाहूल देऊ शकते. कधी कधी दुर्बिणीत काहीच दिसत नाही आणि चाचणी होकार देते. अशा काही रुग्णांत पुढे गाठ प्रकट झाल्याचे आढळले आहे. तेव्हा तो होकार फेकून न देता तपासणीचे अंतर कमी करणे शहाणपणाचे.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, डोळ्यांना दिसलेले रक्त एकदाच दिसले आणि थांबले, तरी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, म्हणून रक्त आले असेल, असे स्वतःच ठरवू नये. औषध घेणाऱ्यांचीही तपासणी इतरांप्रमाणेच करावी, असे तज्ज्ञ सांगतात. औषधही आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरी गोष्ट घरातील स्त्रियांविषयी. स्त्रियांच्या लघवीतील रक्ताला ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्यांचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा दिला जातो आणि निदानास विलंब होतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. पाळी गेल्यानंतर आलेले रक्त गर्भाशयाचे की लघवीचे, हेही आधी नीट पाहावे लागते. संसर्गावरील उपचार पूर्ण झाल्यावर लघवीची तपासणी पुन्हा करून रक्त गेले आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त मात्र आहे, तर पुढील तपासणी टाळू नये. आपल्या घरांत आजी, आई, काकू स्वतःच्या दुखण्याविषयी उशिरा बोलतात. हे विचारण्याची जबाबदारी सुनांनी आणि लेकींनी, तशीच मुलांनीही घ्यावी.

तिसरी गोष्ट नमुन्याविषयी. सायटोलॉजीसाठी सकाळची पहिली लघवी देऊ नये, कारण रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या पेशी खराब झालेल्या असतात. त्यानंतरची ताजी लघवी द्यावी आणि ती लवकर प्रयोगशाळेत पोचवावी. मुतखडा, संसर्ग, नुकतीच झालेली दुर्बीण तपासणी किंवा घातलेली नळी यांची माहिती प्रयोगशाळेला द्यावी. मूत्राशयात ‘बीसीजी’ औषधाचे उपचार झाले असतील, तर तेही सांगावे. क्षयरोगाची लस म्हणून परिचित असलेले हे औषध या कर्करोगावर उपयोगी पडते, हे कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये दाखविले. मात्र त्याने मूत्राशयाला सूज येते आणि चाचण्या गोंधळतात.

चौथी गोष्ट, डॉक्टरांनी निदर्शक चाचणी सुचविली, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी निदानासाठी आहे की देखरेखीसाठी? नकार आला तर दुर्बीण टळणार आहे का, आणि टळत असेल तर माझी जोखीम किती धरली आहे? होकार आला तर पुढचे पाऊल कोणते? या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली, तर चाचणीवरील पैसा सार्थकी लागेल.

शिबिराच्या आयोजकांना विनंती

आपल्या संघांचे व मंडळांचे विश्वस्त दरवर्षी आरोग्यावर मोठी रक्कम खर्च करतात. ही समाजाची पुंजी आहे आणि तिचा विनियोग विचारपूर्वक व्हावा, असे प्रत्येक विश्वस्ताला वाटते. वरील ताळेबंद पाहता, सरसकट सर्वांची ‘कॅन्सर मार्कर’ तपासणी करण्यापेक्षा त्याच पैशात अधिक हित साधता येईल. शिबिराच्या नोंदणी-अर्जात दोनच प्रश्न घालावेत. ‘लघवीतून कधीही, एकदा तरी, लाल रक्त गेले आहे काय?’ आणि ‘आपण धूम्रपान करता किंवा पूर्वी करीत होता काय?’ पहिल्या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्याला त्याच दिवशी मूत्ररोगतज्ज्ञाची चिठ्ठी द्यावी आणि तो तेथे पोचला की नाही, याची महिन्याभरात विचारपूस करावी. दुसऱ्या प्रश्नाला ‘करतो’ म्हणणाऱ्याला व्यसन सोडण्यासाठी साहाय्य द्यावे. ज्यांना हा रोग होऊन गेला आहे आणि वर्षानुवर्षे दुर्बीण करावी लागते, अशा गरजू कुटुंबांच्या देखरेखीचा खर्च उचलावा. आर्थिक ओढीमुळे देखरेख सुटली, तर काढलेली गाठ पुन्हा वाढून स्नायूपर्यंत गेल्याचे कळण्यास उशीर होतो.

पहिल्या प्रश्नाला काहीही खर्च येत नाही, आणि कोणत्याही पॅकेजमधील निदर्शकापेक्षा या रोगाची अधिक खात्रीची खबर तोच देतो. तेव्हा घरातील ज्येष्ठांसाठी पुढचे पॅकेज निवडण्यापूर्वी, वाचकहो, तो प्रश्न आधी घरातच विचारून पाहावा.